नऊ दिवसांची आई

वसईच्या किनाऱ्यावर मांडळी नावाचं एक ख्रिस्ती गाव होतं. फादर कैतान तिथे वस्तीला आले ते एक पेटी आणि एक छत्री घेऊन. फादर बोलत फार कमी. कुणी दुःख घेऊन आलं की मुकाट्यानं शेजारी बसत. पण उठताना माणूस हलका होऊन उठे.

त्या काळी पास्काच्या म्हणजे ईस्टरच्या सणाआधी कुमसार करायचा, अर्थात फादरांपुढे पापांची कबुली द्यायची, तर धर्मशिकवणीची परीक्षा लागे. बस्त्याव मास्तर देवळाच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसत. उत्तर बरोबर आलं की चिठ्ठी. चिठ्ठी नाही तर कुमसार नाही, आणि पास्काच्या मिस्सेत कम्युनियनही नाही, म्हणजे ख्रिस्तच आपल्यात येतो असं मानून घ्यायचा तो पवित्र प्रसादही नाही.

रेमेत सुके बोंबील विकून पोट भरणारी विधवा. तीन वर्षं तिला चिठ्ठी मिळाली नव्हती. घरात बोलायला भिंती होत्या. वर्षातून एकदा कम्युनियन घेताना कुणीतरी आपल्याकडे आलं असं तिला वाटे, आणि आता तेही येत नव्हतं.

यंदाही मास्तरांनी पहिलाच प्रश्न टाकला. "देवानं तुला कशासाठी निर्माण केलं?"

रेमेत पायाकडे पाहत राहिली. "ठाऊक नाही, मास्तर."

"चार वर्षं झाली, रेमेतबाय. एखादा पोपट पाळला असता तर तोही शिकला असता." ओट्यावर हशा पिकला. "जा, बोंबलांना विचारून ये."

ती मागच्या दारानं फादरांकडे गेली. फादरांनी विचारलं, "उत्तर खरंच येत नाही, बाय?"

"तोंडाला येतं, फादर. त्याला ओळखावं, त्याच्यावर प्रीती करावी, त्याची सेवा करावी, शेवटी त्याच्यापाशी जावं. लहानपणी घडाघडा म्हणायचे. मग माझं बाळ आलं नि नऊ दिवसांनी गेलं. वीस वर्षं झाली. त्याला नेलं, मला ठेवलं. कशासाठी ते कळत नाही. बरीच वर्षं तरी म्हणत राहिले; आता देवळात खोटं कसं बोलू?"

फादर तिच्या शेजारी बसले. मग म्हणाले, "मीसुद्धा रोज विचारतो त्याला. तू विचारायचं सोडू नकोस. चिठ्ठीचं मी मास्तरांशी बोलतो."

पण बोलणं राहूनच गेलं. त्याच आठवड्यात मास्तरांची बायको बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी तापानं गेली. मागे राहिली मुठीएवढी पोर. गावातल्या दोन लेकुरवाळ्यांनी तिला छातीशी धरून पाहिलं. ती तोंड फिरवी. शेळीचं दूध ओकून टाकी. दुसऱ्या दुपारी तिचं रडणंही थांबलं. निदान बाप्तिस्म्यावाचून जाऊ नये, म्हणून मास्तरांनी फादरांना बोलावलं.

फादरांनी पोरीच्या कपाळावर पाणी घातलं, मार्था नाव ठेवलं आणि म्हणाले, "रेमेतला बोलवा."

"तिला?" मास्तर म्हणाले. "फादर, तिला पोरांतलं काय कळतंय?"

"नऊ दिवसांचं कळतं," फादर म्हणाले.

रेमेत आली. हाताला मासळीचा वास, म्हणून दारातच घुटमळली. फादरांनी पोर तिच्या ओंजळीत दिली आणि स्वतः जमिनीवर गुडघे टेकले. रेमेतनं पदराआड पोरीला घेतलं. वीस वर्षं त्या छातीशी कुणी आलं नव्हतं. तिचे ओठ देवमातेला विनवत पुटपुटत होते, "सायबिणी, ही तरी राहू दे."

आणि काय सांगावं, त्या कोरड्या देहाला पान्हा फुटला. चोळी भिजली. पोरीनं एकदा मान वळवली, हुंगलं, आणि चुटूचुटू पिऊ लागली. खोलीत तेवढाच आवाज होता. रेमेत रडत होती. वीस वर्षांपूर्वी रडायचं राहिलं होतं तेही तिनं रडून घेतलं.

फादर उठले आणि छत्री घेऊन निघून गेले.

मास्तर चिठ्ठी लिहीत होते. लिहून झाली तशी त्यांनी ती रेमेतच्या गुडघ्याशी ठेवली, आणि भुईवर बसून तिच्या मासळीच्या वासाच्या पायांवर डोकं टेकलं. "बाय, ज्या उत्तराला मी चिठ्ठ्या देत होतो, ते आज तू..." त्यांना मोठ्यानं हुंदका फुटला.

"हळू, मास्तर," रेमेत कुजबुजली. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."