हिवरदऱ्याची थंड चूल

हिवरदऱ्याच्या सिद्धनाथाच्या देवळात शिरताना डाव्या हाताला ही दगडी चूल लागते. तिच्यावर चहा करायचा नाही. पाटी लावून झाली, पाटी रंगवून झाली, तरी मागल्या हिवाळ्यात एक मंडळी काटक्या गोळा करून आलीच. शेजारच्या शिळेवर सारीपाट कोरलेला आहे, त्यावर त्यांनी दुधाची पिशवी ठेवली होती. काय बोलायचं अशा माणसांना? तेव्हा आधी चपला तिकडं काढा, नीट बसा, आणि गोष्ट संपेपर्यंत कोणी उठू नका. का उठायचं नाही ते गोष्टीतच कळेल.

फार जुनी हकिकत, असं सांगतात. देवळामागं दौलबा गुरवाचं घर होतं. दौलबा, त्याची बायको तुळसा, मुलगा म्हसू आणि सून साळू, अशी चारच माणसं. देवाचा नैवेद्य याच घरच्या चुलीवर शिजायचा. संध्याकाळी तो देवापुढं ठेवला की घंटा व्हायची, आणि घंटा ऐकल्याशिवाय गावात कोणी घास तोडत नसे.

या घराला दोन नाद होते. एक पोथ्या-कहाण्यांचा आणि दुसरा सारीपाटाचा. दौलबाकडं रुमालात बांधलेल्या सोळा पोथ्या होत्या, आणि तोंडी कहाण्या किती त्याची तर गणतीच नव्हती. दुपार कलली की ओसरीवर पट मांडायचा, चौघांनी चार बाजूंना बसायचं, आणि ज्याची सोंगटी मारली जाईल त्याच्यासाठी दौलबानं कहाणी पुढं सरकवायची, अशी घरची रीत. साळूच्या माहेरी पोथीही नव्हती न् पटही नव्हता. लग्न होऊन आली आणि तांबड्या सोंगट्या तिच्या हातात पडल्या, तेव्हा तिला आपल्या भाग्याचं कौतुक वाटलं म्हणे.

हे कौतुक जेमतेम महिनाभर टिकलं. कहाणी ऐन रंगात यायची, आता राजकन्येचं काय होणार म्हणून साळूचा जीव टांगणीला लागायचा, आणि नेमकी तेव्हाच तुळसा म्हणायची, "साळू, तवा ठेव गं." तुळसाच्या मनात काही वाईट नव्हतं, उन्हं उतरली की नैवेद्याची वेळ व्हायची एवढंच. साळू उठायची. ती आत गेली की म्हसू तिच्या वाटचं दान टाकायचा आणि तिच्या सोंगट्या एकेक करून मारून घ्यायचा. नैवेद्य झाला, घंटा झाली, पानं मांडली, की पट गुंडाळलेला आणि कहाणी गुंडाळलेली. पोथीचं तेच. शेवटचा अध्याय आणि पुरण वाटायची वेळ एकच.

बरं, विचारावं तरी कोणाला? म्हसूला विचारलं तर तो म्हणायचा, झालं असेल काहीतरी चांगलंच. सासऱ्याला विचारलं तर तो गंभीर तोंड करून मान हलवायचा आणि उद्या सांगतो म्हणायचा. दुसऱ्या दिवशी नवी कहाणी सुरू. सात वर्षं झाली. शंभर राजकन्या साळूनं रानात सोडून दिल्या होत्या, आणि तिची एकही सोंगटी अजून घरात गेली नव्हती.

त्यातल्या एका कहाणीनं तिचा फारच छळ मांडला होता. दुष्काळी राज्यातली धाकटी राणी सात डोंगर ओलांडून झऱ्यावर जाते. झऱ्याचा नाग तिला सांगतो, घागर भरून ने, पण त्या बदल्यात तुझी एक आठवण इथं ठेवून जा. कुठली ठेवतेस? कहाणी इथपर्यंत आली की तवा. तीनदा ऐकली, तिन्ही वेळा इथंच तवा. भाकरी थापताना साळू त्या राणीच्या जागी उभी राहायची, आणि भाकरी करपायची. करपली म्हणून वर बोलणीही तीच खायची.

चौथ्यांदा ती कहाणी निघाली तो दिवस पौषी पौर्णिमेचा. साळूची एक सोंगटी घराच्या तोंडाशी येऊन बसली होती, एक दान हवं होतं. तिकडं नागानं राणीला विचारलं, कुठली ठेवतेस? आणि तुळसा म्हणाली, "साळू, तवा ठेव गं."

साळू मुकाट्यानं आत गेली. ओसरीवर फाशांचा आवाज सुरू झाला. मग आतून जोराचा फस्स आवाज आला आणि धुराचा लोट दाराबाहेर पडला. तिनं हंडाभर पाणी चुलीत ओतलं होतं. ती तशीच राखेनं माखलेली बाहेर आली, पटाशी येऊन बसली आणि म्हणाली, "शेवट ऐकल्याशिवाय या घरात चूल पेटायची नाही."

देवाची चूल विझवली! उन्हं उतरली, घंटा होईना, तशी गावची कर्ती माणसं अंगणात जमली. पोरं भुकेनं रडत होती. देवाला उपाशी ठेवलंत तर सेवा काढून घेऊ, घर रिकामं करा, असं ती माणसं सांगू लागली. म्हसूनं बायकोची विनवणी केली. साळू हलली नाही. ती म्हणाली, मी काय मोठं मागितलं, एक शेवटच ना? सासऱ्यांनी सांगावा, घटकेत चूल पेटवते.

सगळे दौलबाकडं पाहू लागले. दौलबानं घसा खाकरला. पुन्हा राणी, पुन्हा सात डोंगर, पुन्हा नाग. नागानं विचारलं, कुठली ठेवतेस? आणि दौलबा थांबला. थांबला तो थांबलाच.

"पुढं?" साळू म्हणाली.

"पुढं आपण जेवायला उठतो," दौलबा म्हणाला.

मग म्हाताऱ्यानं कबूल केलं. त्याचा बाप इथपर्यंतच सांगायचा, कारण इथंच नैवेद्याची वेळ व्हायची. बापाचा बापही इथंच उठायचा. एकाही कहाणीचा शेवट त्याला ठाऊक नव्हता. गंभीर तोंड तेवढं वडिलोपार्जित होतं.

साळूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सात वर्षं मी काय गमावतेय म्हणून चुलीपुढं तडफडले, आणि इथं काही नव्हतंच? तिनं सासूकडं पाहिलं. तुळसा पदराशी चाळा करत बसली होती. ती हळूच म्हणाली, "मी चुलीपुढं होते तेव्हा वाटायचं, माझ्यामागं सांगत असतील. तू आलीस, मी बसायला लागले, तेव्हा कळलं. मग विचारायचा धीरच झाला नाही."

साळूचा राग कुठल्या कुठं गेला, असं सांगतात. ती सासूकडं तोंड करून बसली आणि कहाणी तिनंच पुढं नेली. राणी म्हणाली, नागोबा, माझ्या नावानं येणारी हाक तेवढी ठेवून घे. नागानं ती घेतली. मग राजवाड्यातून सात डोंगरांपलीकडून हाका आल्या, पण त्या आपल्याला आहेत हे राणीला आठवेना. ती झऱ्याकाठी बसली, आधी स्वतः पोटभर पाणी प्यायली, पाय गार केले, आणि मग घागर भरून आपल्या मनानं घरी आली. राज्याची तहान भागली.

म्हणे, तोवर देवळातल्या समईतलं तेल केव्हाच संपलं होतं, पण ज्योत तशीच होती. ते पाहून गावकरी बसले. देवच ऐकत बसलाय म्हटल्यावर नैवेद्याची घाई कोण करणार? मग साळूनं दान टाकलं आणि सोंगटी घरात नेली. ती चूल पेटवायला उठली, तशी तुळसानं तिचा हात धरला. म्हातारीचे डोळे भरून आले होते.

"बस गं," ती म्हणाली. "लाकूडतोड्याच्या लेकीचं काय झालं? मी उठले तेव्हा ती झाडावर होती. चाळीस वर्षं झाली."

तेवढं ऐकल्यावर दौलबा स्वतः उठला, तीन दगड मांडून त्यानं समईवरून विस्तव घेतला आणि म्हसूला पीठ मळायला बसवलं. नैवेद्याची भाकरी कच्ची झाली होती, देवानं ती गोड मानून घेतली. विझलेली चूल पुन्हा पेटवली नाही, ती इथं आणून ठेवली. शेजारची शिळा दौलबानंच कोरली.

आजही पौषी पौर्णिमेला हिवरदऱ्यात दुपार कलल्यावर बायका चुलीकडं जात नाहीत. घरोघर पट मांडतात, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारतात, तुमची कुठली गोष्ट अर्धी राहिली? ती बोलायला लागली की मग तिला कोणी हाक मारत नाही.