वाटी भिंतीपलीकडे गेली

भांडी बोलायची, तेव्हाची गोष्ट. शेजारच्या घरातला तवा दोन दिवस तापला नव्हता, म्हणून इकडच्या चुलीपाशी भांड्यांची सभा भरली. "महागाईवर चर्चा करू," अध्यक्ष हंडा म्हणाला. पातेल्यांनी दुपारपर्यंत भाषणं ठोकली.

शेवटी पोचे पडलेली वाटी उठली. "पूर्वी मी पीठ घेऊन भिंतीपलीकडे जायची. येताना त्यांच्या परसातल्या दोन मिरच्या आणायची. रिकामं भांडं कुणी परत पाठवत नव्हतं. तेव्हा कुठं होत्या रे सभा?"

"वाटीबाई, खाली बसा. अजून घागर बोलायचीय."

"बोलू दे की! तिकडं लेकरं उपाशी आहेत, मुडद्या!"

वाटीनं डब्यातलं पीठ भरून घेतलं आणि ती निघाली. थोड्या वेळानं पलीकडून भाकरीचा वास आला.

"बघा," हंडा म्हणाला, "आपल्या चर्चेनं काम झालं!"

तेवढ्यात वाटी परत आली. तिच्यात दोन मिरच्या होत्या.