अधटाक्याची गोधडी

घाटाच्या तोंडाशी आमचं अधटाके गाव. नाव ऐकून आलेला पाहुणा पहिल्यांदा हेच विचारतो, "टाकं कुठाय?" मागे एक मोजणीवाले साहेब दुपारभर काट्याकुट्यांतून हिंडले आणि घामाघूम होऊन दुकानाच्या पायरीवर टेकले. "अर्धवट खोदलेलं पाण्याचं टाकं कुठेच सापडत नाही हो!" सापडेल कसं? त्यांना आधी पाणी पाजलं, मग समोरचा कडा दाखवला. काळ्या कातळावर पांढऱ्या गारगोटीची एक तुटक रेघ पायथ्यापासून वर चढत जाते, धावदोरा घालावा तशी. माथा हातभर राहिला की ती थांबते. म्हणजे खालून पाहिलं तर हातभर वाटतो. आमच्या गावचं ते टाकं नव्हे साहेब, टाका. सुईचा.

त्याची गोष्ट अशी सांगतात.

फार जुन्या काळी इथे चिमाऊ नावाची बाई राहत होती. नवरा लवकर गेलेला, पदरी एकुलता एक राणू. पलीकडच्या खोऱ्यातल्या देशमुखांना घरजावई हवा होता. त्यांची नजर राणूवर पडली आणि मिसरूड फुटायच्या आत पोरगं तिकडे गेलं. 'दिल्या घरी सुखी राहा' हे आपल्याकडे मुलीला म्हणतात. चिमाऊला ते मुलाला म्हणावं लागलं.

जाताना त्याला हातात द्यायला घरात काही नव्हतं, ते तिच्या मनाला लागून राहिलं. पुढे तिने त्याच्यासाठी गोधडी शिवायला घेतली. देशमुखांकडे पांघरुणांना तोटा नव्हता, हे तिला ठाऊक होतं. पण एकदा तरी लेकाच्या अंगावर आपल्या हातचं पांघरूण पडावं, एवढंच तिचं मागणं होतं.

आता माप कुठलं घ्यायचं? दाराच्या चौकटीवर राणूच्या उंचीची एक खूण होती, तेवढीच.

त्या काळी दोन्ही खोऱ्यांत बांगड्या विकत फिरणारा लिंबाजी कासार होता. चिमाऊ विधवा, ती कसल्या बांगड्या भरणार? पण तिच्या अंगणात सावली मिळे, वर तांब्याभर ताक. तो बसला की ती विचारी, "माझा राणू केवढा झालाय रं, लिंबाजी?"

व्यापारी माणूस, समोरच्याच्या तोंडाकडे पाहून बोलायची सवय. ताकाची फेड त्याने गोड बातमीने केली. "केवढा म्हून काय इचारतीस, आऊ! चौकटीत वाकून शिरतोय." पुढच्या फेरीला म्हणाला, "आता देशमुखांनी सुतार बोलावलाय. दार वाढवणार हायती."

चिमाऊ हसायची आणि तो गेला की गोधडीला एक पट्टी जोडायची. आधी नवऱ्याचं मुंडासं गेलं, मग तिची जुनी लुगडी गेली. अंथरूण पाहून पाय पसरावे, असं शहाणे सांगतात. या बाईने पाय ऐकून अंथरूण वाढवलं.

होता होता घरात चिंधी उरली नाही. लिंबाजी पुन्हा आला आणि राणू अजून हातभर वाढल्याचं सांगून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमाऊने अंगावरच्या एकुलत्या एका लुगड्याचा पदर कापला आणि तो गोधडीला जोडून टाके घालायला बसली. एक हात झाला की संपलं. मग पांघरायला कुणी काहीबाही देईल, असा तिचा हिशेब.

आणि नेमका त्याच दिवशी राणू आला.

बायको बाळंत झाली होती, मुलगा झाला होता. आईला बारशाला न्यायला तो घोड्यावरून आला, बरोबर दोघे मेहुणे. वाटभर त्यांनी त्याची फिरकी घेतली होती, "दाजी, तुमच्या घराला दार तरी हाय का?" त्यावर राणू छाती काढून म्हणाला होता, "घराचं राहू द्या. माझी आई कशी धावत बाहेर येते ते बघा."

अंगणातून त्याने हाक मारली, "आई!"

चिमाऊ ताडकन उठली आणि तशीच थांबली. डोक्यावर पदर नाही, खांद्यावर पदर नाही. बाहेर व्याह्यांची माणसं. अपुरी गोधडी अंगावर घेऊ नये, असा तेव्हाच्या बायकांचा नेम. ती दाराआड सरकली आणि म्हणाली, "राणू, तू एकटाच आत ये रे."

अंगणात मेहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग थोरला मेहुणा हळूच म्हणाला, "दाजी, घर चुकलं का काय?"

"पाव्हण्यांना दारात उभं करून मी आत येऊ?" राणूचा आवाज चढला. "तू भायेर ये."

खरं काय ते सांगितलं असतं तर त्या मेहुण्यांपुढे लेकाची मान खाली गेली असती. चिमाऊने सांगितलं नाही. दाराच्या फटीतून तिने गोधडी पुढे सरकवली. "ही बघ तुझ्यासाठी. एक हात राहिलाय. जरा टेक, घालून देते."

"झूल हाय का ही?" धाकटा मेहुणा म्हणाला. "पण आपण तर घोडी आणल्यात. बैल कुठं हाय?"

राणूने पायाने गोधडी उंबऱ्याच्या आत लोटली. "बस टाके घालत," एवढं बोलला आणि घोड्यावर चढला.

टापा घाटाकडे वळल्या तेव्हा चिमाऊने नेम मोडला. अपुरी गोधडी, सुई लोंबतेय तशीच, डोक्यावरून घेतली आणि घाटाची वाट सोडून सरळ कड्यावर चढली. आडवाटेने त्याला पुढे गाठता येईल असं तिला वाटलं असावं. गुराख्यांनी तिला पाहिलं म्हणे. "राणू, एकच हात राहिलाय रे!" असं ओरडत होती. पुढे ती कुणाला दिसली नाही. जिथे जिथे तिचं पाऊल पडलं तिथे कातळाला पांढरा टाका उमटला, असं सांगतात.

लिंबाजीने तिच्या घरात जमिनीवर लुगड्याच्या काठाची कातरण पाहिली आणि तिचा पदर कुठे गेला ते त्याला कळलं. मग तडक पलीकडच्या खोऱ्यात गेला. "राणोजी, तुझ्या आईच्या अंगावर पदर नव्हता रं. तो तुझ्या गोधडीत गेलाय."

राणू धावत आला. कड्याच्या माथ्यावर गोधडी नीट पसरून ठेवलेली होती, सुई टोचलेली. तो तिच्याखाली आडवा झाला. डोकं झाकलं, पाय झाकले आणि न शिवलेला तो शेवटचा हात तेवढा पायापलीकडे उरला. पदराचाच तो हात. त्याची गरजच नव्हती.

लिंबाजी तोंड झाकून म्हणाला, "मी जरा वाढवूनच सांगायचो."

राणू म्हणाला, "मी तरी कुठं आत गेलो?"

त्याने सुई हातात घेतली, पण टाका घालायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. देशमुखांच्या घरी बारसं खोळंबलं होतं. तो गेला.

आजही अधटाक्याची आई लेकासाठी, लेकीसाठी गोधडी शिवते ती शेवटचा हात तसाच ठेवून, सुई-दोरा ओवून. मुलाने घरी यायचं, उंबरा ओलांडून आत बसायचं आणि आईच्या शेजारी तेवढे टाके आपण घालायचे, असा रिवाज आहे. रिवाज चांगला आहे. पण शहरात गेलेली पोरं म्हणतात, "आई, तूच घाल की आणि कुरिअर कर." आई काही घालत नाही. गावात फिरा, घरोघरी उतरंडीवर अशा गोधडीची एक घडी दिसेल. तिला हात मात्र जपून लावा साहेब, आत सुई आहे. गंजलेली आहे, पण टोचते.