कैतानने विणलेला झावळीचा क्रूस

ऐका येशूराया, तुमच्या उपासकाळाची कहाणी. आटपाट गाव होतं. गावाला खाडी होती, खाडीकाठी चर्च होतं. तिथं रेजिना नावाची एक विधवा राही. तिला दोन मुलगे, थोरला कैतान, धाकटा बस्त्याव. एके दिवशी कैतान होडी घेऊन समुद्रात गेला, तो वादळात बुडाला. मागं काय उरलं? झावळ्यांच्या रविवारी त्यानं विणलेला क्रूस, भिंतीला खोचलेला.

मग वर्ष फिरलं. राखेचा बुधवार जवळ आला. गावाची रीत काय? गेल्या सालच्या झावळ्या चर्चला द्याव्या, जाळाव्या, ती राख कपाळी लावून चाळीस दिवसांचा उपास धरावा. घराघरांतून झावळ्या गेल्या. बस्त्यावनं क्रूस सदऱ्यात लपवला. देवाला म्हणाला, "भाऊ घेतलास, आता हाही जाळायला देऊ?" राख लावायलाही गेला नाही. वर बजावलं, "असा उपास करतो, की तूच दमशील!"

मग त्यानं मासे सोडले. आईनं भात-वांगं वाढलं, तर "मडक्याला माशांचा वास येतो" म्हणून ताट सरकवलं. शेजारच्या नातालीन मावशीनं कुंपणावरून विचारलं, "काय सोडलंस रे?"

"मासे."

"तुझ्या वाटचे कुणाला दिलेस?"

"कुणाला नाही."

"म्हणजे मांजराचं पुण्य वाढलं."

मग त्यानं मीठ सोडलं. आईनं अळणी भाजी केली, तर चव नाही म्हणून ताट सरकवलं. मावशीनं विचारलं, "आता काय सोडलंस?"

"मीठ."

"तरीच तोंड असं झालंय."

मग त्यानं जेवणच सोडलं. दिवसाला एक वाटी पेज, तीही अंगणात, एकट्यानं. मावशीनं विचारलं, "आता?"

"जेवण सोडलं! झालं समाधान?"

मावशीनं कपाळावर हात मारला. "मेल्या, सगळं सोडलंस, राग तेवढा धरून बसलास. घरात जाऊन बघ, तुझी आई काय खाते!"

बस्त्याव तणतणत घरात गेला. आई चुलीपाशी भिंतीला टेकलेली, डोळे मिटलेले. तीन ताटं झाकलेली, एक तिचं, एक त्याचं, एक कैतानचं, जशीच्या तशी.

"आई, जेवली नाहीस?"

"तू जेवल्यावर मी जेवते. आजवर हेच चालत आलं."

"मग सांगायचं ना!"

"कुणाला सांगू? तू ऐकतोस कधी? एक मुलगा समुद्रानं नेला, एक उपासानं."

बस्त्याव तसाच चर्चकडे पळाला. सदऱ्यातून क्रूस काढला. "फादर, घ्या, जाळा. माझ्यापायी आई उपाशी आहे."

फादर म्हणाले, "बाळा, राख लावून पाच आठवडे झाले. उद्या झावळ्यांचा रविवार, नव्या झावळ्या येतील. तुझ्या घरी चूल आहे ना? आणि आई उपाशी आहे ना? मग इथं काय करतोस?"

मग तो घरी आला. चूल पेटेना. त्यानं क्रूस लाकडांखाली धरला. पातं पेटलं, गाठ पेटली, तरी टोक हातातून सुटेना.

आई ओरडली, "सोड रे, बोटं भाजतील!"

त्यानं सोडलं. जाळ झाला. पेज शिजली, चिमूटभर मीठ पडलं. आईनं चुलीतली राख बोटावर घेतली, त्याच्या कपाळी क्रूस काढला. वर्षभर न रडलेला बस्त्याव तिच्या मांडीवर पडून रडला. मग उठला, आईला चार घास भरवले. तिनं त्याला भरवले. तिसरं, कैतानचं ताट उचलून त्यानं कुंपणावरून हाक मारली, "मावशी, जेवायला ये."

जशी बस्त्यावची मूठ सुटली, तशी तुमची-आमची सुटो. जशी रेजिनाला तिचा लेक ताटावर लाभला, तसा साऱ्या मायांना लाभो. ही चाळिसां दिवसांची कहाणी चौ घासीं सुफळ संपूर्ण.