साळुंकीने दुसऱ्यासाठी मागितलेला मध

मुलांनो, नदीच्या वळणापाशी सागाचे एक मोठे जंगल होते आणि त्या जंगलात तीन मठ होते. पहिला तळ्याकाठी. तिथे पांढऱ्याशुभ्र बगळ्या सिस्टर राहत आणि जखमी प्राण्यांची शुश्रूषा करत. दुसरा माळावर, मुंगूस ब्रदरांचा. ते पोरक्या पिल्लांना सांभाळत, त्यांना शिकवत. तिसरा उंबराच्या झाडावर होता. तिथल्या साळुंक्या सिस्टर म्हाताऱ्या, थकलेल्या पक्ष्यांचे दाणापाणी करत. रविवारी तिन्ही मठांतले सगळे एकाच चर्चमध्ये जमत आणि एकाच प्रभूचे गाणे गात. पण आपापल्या मठासाठी मदत मागायची वेळ आली, की ओढाताण सुरू होई.

मदत मागण्यासाठी प्रत्येक मठाने एकेकाला नेमले होते. बगळी, मुंगूस आणि साळुंकी, तिघेही कष्टाळू आणि मनाने चांगले. मात्र कोणत्या घरचा हात सढळ आहे, हे ते एकमेकांपासून लपवून ठेवत. सर्वांत सढळ हात होता अस्वलमावशीचा. कड्यातल्या तिच्या गुहेत मधाची पोळी असत. सकाळी बगळी तिच्या दारात उभी राही. ती वळते न वळते तोच मुंगूस येई. दुपारी मावशीचा जरा डोळा लागला, की साळुंकीची टकटक सुरू. एकदा तर तिघेही एकाच वेळी येऊन ठेपले.

"आमचे रुग्ण विव्हळताहेत, मावशी," बगळी म्हणाली.

"आमची पिल्ले उपाशी आहेत," तिला बाजूला सारत मुंगूस म्हणाला.

"आणि आमच्या म्हाताऱ्यांना कोण आहे?" साळुंकी दोघांच्या डोक्यावरून ओरडली.

मावशीने कपाळाला हात लावला. "अरे, जखमी खरे, पोरके खरे, म्हातारेही खरे! मी आधी कुणाचे ऐकू?" असे म्हणून तिने गुहेच्या तोंडाशी दगड लोटला. त्या दिवसापासून हे मागणारे दिसले, की ससे बिळात लपू लागले आणि साळिंदर तर घरातूनच "साळिंदर घरी नाही हो!" असे ओरडून सांगू लागला.

चैत्रात बांबूच्या बनात वणवा पेटला. खारींची घरटी जळाली आणि त्यांची अकरा पिल्ले भाजली. बगळ्यांनी त्यांना चोचीत धरून तळ्याकाठी आणले, गार पाण्याने धुतले, केळीच्या पानांवर निजवले. आता जखमांना लावायला मध हवा होता आणि मठातला मध संपला होता. बगळी अस्वलमावशीच्या दाराशी धावली. तिने खूप हाका मारल्या. पण मावशीने कानात सावरीचा कापूस घातला होता. बगळी रिकाम्या हाताने परतली आणि तळ्याकाठी रडत बसली.

त्याच सकाळी साळुंकी त्या बाजूने उडत चालली होती. तिच्या चोचीत मधाच्या पोळ्याचा एक तुकडा होता. उंबरावरच्या म्हाताऱ्यांना खोकला झाला होता, म्हणून मावशीने तिला पहाटे तो गुपचूप दिला होता. पिल्लांचे कण्हणे ऐकून साळुंकी खाली उतरली. भाजलेली पिल्ले आणि मधाचे रिकामे भांडे तिने पाहिले. तुकडा बगळीपुढे ठेवला.

"सिस्टर, तुमच्या म्हाताऱ्यांचे काय?" बगळीने विचारले.

"त्यांनाच विचारून येते," साळुंकी म्हणाली.

उंबरावर तिने सगळी हकीकत सांगितली. खोकत खोकत म्हातारा धनेश पक्षी म्हणाला, "आम्ही काय, खोकू गं दोन दिवस! तू त्या पोरांचे बघ."

साळुंकी परत आली तेव्हा मध चार पिल्लांनाच पुरला होता. सात तशीच कण्हत होती. मग ती थेट गुहेशी गेली आणि दगडाच्या फटीतून आत शिरून तिने मावशीच्या कानातला कापूस ओढून काढला.

"पुन्हा आलीस?" मावशी खेकसली. "आत्ताच दिला ना तुला!"

"तो बगळी सिस्टरना दिला, मावशी. खारींची पिल्ले भाजली आहेत. अजून सात राहिलीत. त्यांच्यासाठी मागायला आले."

मावशी तिच्याकडे बघतच राहिली. "तू? बगळीच्या मठासाठी?" मग तिचे डोळे भरून आले. "इतकी वर्षे माझ्या दारात मागणारे आले, पण दुसऱ्यासाठी मागणारी तू पहिलीच गं बाई!" तिने दगड ढकलला. दोन मोठी पोळी खांद्यावर घेऊन ती तळ्याकडे निघाली आणि जाता जाता एक पोळे उंबरावर पाठवायलाही विसरली नाही.

तळ्याकाठी मुंगूस पाणी भरू लागला होता. साळुंकीने काय केले, हे त्याच्या कानावर आले होते. तो खाली मान घालून म्हणाला, "सिस्टर, ओढ्यापलीकडची बारा घरे मी तुमच्यापासून लपवली. फार चुकलो. चला, तिघे मिळून जाऊ."

ते तिघे मिळून गेले. आता मागणे एकच होते आणि मिळेल ते आधी सर्वांत नडलेल्याला द्यायचे ठरले होते. त्यामुळे कुणाला लपावेसे वाटेना. सशांनी गाजरे दिली, माकडांनी फळे उतरवली आणि साळिंदर स्वतः दारात येऊन म्हणाला, "साळिंदर घरी आहे बरं का!"

ईस्टरच्या रविवारपर्यंत अकराही पिल्ले टुणटुणीत झाली. पावसाळ्याआधी तिन्ही मठांनी मिळून बांबूच्या बनात खारींसाठी एक मोठे, उबदार घर बांधले. एकट्या मठाला ते कधी जमले नसते. उद्घाटनाच्या दिवशी घंटा वाजल्या, म्हाताऱ्यांनी गाणी म्हटली आणि अस्वलमावशी तर घामाघूम होईपर्यंत नाचली.

वाटेने जाणाऱ्या एका हरिणाने विचारले, "वा! हे कोणत्या मठाचे घर?"

तिघेही एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात छतावरून सर्वांत लहान खार ओरडली, "आमचे! आमचे घर आहे हे!"

मग सगळे जंगल हसले, आणि सर्वांत मोठ्याने ते तिघे.

तात्पर्य : सेवा करणाऱ्यांनी एकमेकांशी चढाओढ न करता एकमेकांसाठी मागावे, मग देणारा आनंदाने देतो आणि गरजवंताला वेळेवर मिळते.