दादाला दिलेली खेळी

एका राज्यात खेळी एकट्याचीच असे. धूम्राक्ष मांत्रिकाने राजाला गंजिफा खेळायला बसवले होते. रिवाज साधा होता. एक खेळी तुझी, एक माझी. खेळी आली की आपल्या गड्डीतून एक पान उचलायचे. उचलायला पान नसेल, त्याचा प्राण जायचा.

पण मांत्रिकाकडे कालपर्णे होती. कालपर्ण कोणीही, कधीही टाकावे. टाकणारा ज्याचे नाव घेईल, त्याला लगेच आणखी एक खेळी मिळे. मांत्रिक दर वेळी स्वतःचेच नाव घेई, आणि त्याच्या प्रत्येक खेळीला राज्यातला एक जीव दगड होई. आधी गुराखी झाले, मग राणी, मग खुद्द राजा. राजाच्या पाटावर थोरला मुलगा भद्रसेन बसला.

धाकट्या नंदकाला बघवेना. खिडकीत साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "तीन कालपर्णे अजून बाहेर आहेत. एक नागाच्या फण्याखाली, एक उकळत्या तळ्याच्या बुडाशी, एक तुझ्या आईच्या मुठीत. पण पुरते ऐकून जा."

नंदक ऐकायला थांबला नाही. तो कधीच थांबत नसे. भद्रसेन त्याला हसून म्हणायचा की तुझे पाय तुझ्या कानांच्या आधी जन्मले.

नागाने त्याचा खांदा फोडला. तळ्याने हात भाजले. तिसऱ्या पानासाठी आईची दगडी मूठ उघडेना. तेव्हा त्याने तिची करंगळी मोडली आणि पान काढून घेतले. ती मोडल्याचा आवाज त्याच्या कानातून पुढे कधी गेला नाही.

तो धावत दरबारात आला. भद्रसेन पांढराफटक पडला होता, नुकतीच त्याची खेळी संपली होती. मांत्रिक हसत होता. नंदकाला एवढेच दिसले की आता मांत्रिक खेळेल आणि दादा दगड होईल. त्याने उंबऱ्यावरूनच पान फेकले.

"आणखी एक खेळी, माझ्या दादाला."

भद्रसेनाने मान वळवली. त्याच्यासमोर गड्डी नव्हती, रिकामी जागा होती.

"वेड्या," तो हळूच म्हणाला, "मला नाही. त्याला द्यायची होती."

मग मांत्रिकाच्या गड्डीकडे त्याने बोट केले. इतक्या खेळ्या घेऊन घेऊन तिथे एकच पान उरले होते, कालपर्ण तर एकही नव्हते. खेळी नाकारता येत नाही. भद्रसेनाने रिकाम्या जागेवर हात ठेवला, उचलायला काही नव्हते, आणि तो आडवा झाला. तो दगड झाला नाही. दगड पुन्हा माणूस होतो.

रिवाजाप्रमाणे धाकटा त्या पाटावर बसला. पाट अजून उबदार होता.

"तुझी खेळी," तो मांत्रिकाला म्हणाला, आणि दुसरे कालपर्ण टाकले. मांत्रिकाने शेवटचे पान उचलले. खिडकीतली साळुंकी दगड झाली. नंदकाने तिसरे टाकले.

"पुन्हा तुझी."

मांत्रिक पहिल्यांदाच गयावया करू लागला. अर्धे राज्य देतो म्हणाला, रत्ने देतो म्हणाला. नंदकाने विचारले की दादा देतोस का. मांत्रिकाची बोटे रिकाम्या जागी चाचपडली आणि तो धूर होऊन छपरातून निघून गेला.

शाप सुटला. गुराख्यांनी अर्धवट राहिलेली हाक पुरी केली. साळुंकीने पंख झटकले. राजा सिंहासनाकडे चालू लागला. राणी आली ती करंगळी धरून. रक्त ठिबकत होते, पण तिने त्याबद्दल विचारले नाही.

"भद्र कुठे आहे?"

नंदकाने दादाचे डोके मांडीवर घेतले होते.

"मी त्याला आणखी एक खेळी दिली, आई."

तेव्हापासून त्या राज्यात एक खेळी तुझी, एक माझी. दिवस येतो, रात्र येते, पेरणी येते, कापणी येते. सगळ्यांची खेळी येते. नंदकाची आली की तो पान उचलत नाही. शेजारचा पाट पुसतो आणि वाट बघतो.