संगमरवरावरची पावलं

“पण अप्पा, डाग जात कसे नाहीत? अजून काय ओतू त्यांच्यावर?”

व्यंकट बिराजदार अगदी मेटाकुटीला आला होता. उदगिरात त्यानं हौसेनं नवं घर बांधलं, घरभर पांढराशुभ्र संगमरवर घातला. आणि त्यावर मायच्या खोलीपासून देवघरापर्यंत पिवळट पावलं उमटली. म्हातारी दुखऱ्या गुडघ्यांना तेल चोळायची. ते ओघळून तळव्यांपर्यंत यायचं.

“आजवर काय काय ओतलंस?” मठातल्या अप्पांनी विचारलं.

“साबण. मग लिंबू. खसाखसा घासलं.”

“आणि मायला काय बोललास?”

“मागच्या खोलीत राहा म्हणालो. तिकडं साधी फरशी आहे.”

अप्पा उठले. “चल.”

घरी येताच अप्पांनी खडूची भुकटी आणि खायचा सोडा मागवला. पाण्यात घट्ट कालवला. एकेका पावलावर जाड लेप दिला, वर प्लास्टिकचा कागद अंथरला.

“उद्या कागद काढ. लेप आपोआप वाळू दे. तोवर हात लावायचा नाही.”

“घासायचंही नाही?”

“तेल दगडाच्या पोटात गेलंय, व्यंकट. घासशील तर आणखी आत जाईल.”

नुसतं थांबायचं, हे व्यंकटला ठाऊकच नव्हतं. दिवसभर तो त्या लेपांभोवती घुटमळत राहिला. पण हात लावला नाही.

लेप वाळला, सुटून आला. खालून पिवळा झाला होता. डाग मात्र पुरता गेला नव्हता. व्यंकटनं दुसरा लेप कालवला. मग तिसरा. आता तो हट्टालाच पेटला होता.

अखेर एकूणएक पिवळं पाऊल निघालं. आणि तेव्हा त्याला दिसलं… पावलं होती तिथं दगड निस्तेज झाला होता. खरखरीत, राखेसारखा.

त्यानं अप्पांना बोलावून आणलं.

“हे कसले डाग?”

अप्पांनी वाकून बोट फिरवलं. “हे डाग नाहीत. लिंबानं दगड खाल्लाय.”

“मायच्या तेलानं नाही?”

“तेल तू काढलंस की.”

व्यंकटनं स्वतःही त्या खरखरीत जागेवरून बोट फिरवलं.

“यावर कोणता लेप?”

“याला लेप नाही. भोवतीचा दगड तेवढाच झिजवायचा. बारीक घासणीचा दगड घ्यायचा, पाणी घ्यायचं, आणि बसायचं. मशीनवालाही मिळतो गावात.”

“नको. मीच बसतो.”

तो बसला. दुकान भावावर सोडलं. सकाळी मांडी घालायची ती अंधार पडेपर्यंत. पाठ धरली, बोटांची सालं निघाली. बायको म्हणाली, अहो, सतरंजी टाकू वरून. त्यानं मान हलवली. घासणीचा दगड पाण्यात बुडवला आणि पुन्हा घासू लागला.

मागच्या खोलीत माय तो आवाज ऐकत असायची.

एके दिवशी चकाकी परतली. अशी की, कुठं घासलं ते शोधून सापडेना. अप्पा बघायला आले. व्यंकट उठला, भिंतीला धरत मागच्या खोलीच्या दाराशी गेला.

“माय, ये. देवघरात चल.”

माय उंबऱ्यापाशी आली. पाऊल उचललं. मग थबकली, तळवा वर करून पाहिला, पदरानं पुसला… आणि पाऊल मागं घेतलं.

“नको लेकरा. इथूनच हात जोडते मी.”

“अगं, मी काही बोलणार नाही.”

“तसं नव्हे रे. बरी आहे मी इथं.”

तिनं दुरूनच देवाला हात जोडले आणि आत वळली.

व्यंकट तसाच उभा. हातातून पाणी ठिबकत होतं.

“अप्पा… ती येत नाही.”

अप्पांनी पायताणं चढवली.

“दगड तर झाला, व्यंकट. आता कामाला लाग.”